आधी रस्ता, मग गिअर

गाडी शिकायचं ठरलं की पहिला प्रश्न येतो तो गिअरची की ऑटोमॅटिक, हाच. आणि हा प्रश्न निघाला की लगेच दोन तट पडतात. एक तट म्हणतो, ज्याला क्लच जमत नाही त्याला गाडी येतच नाही. ऑटोमॅटिकवर शिकलेल्याला ड्रायव्हर म्हणायचंच कशाला? दुसरा तट म्हणतो, गिअर आता संपल्यात जमा आहे, विजेच्या गाड्यांना क्लचच नसतो, मग जी गोष्ट उद्या अडगळीत जाणार ती आज घाम गाळून का शिकायची? दोन्हीकडे आवेश भरपूर आहे. पण पहिल्यांदा स्टिअरिंगमागे बसलेल्या माणसाचं काय होतं, त्याचे डोळे कुठे असतात, त्याच्या डोक्यात एका वेळी किती गोष्टी मावतात, याचा विचार या भांडणात कुठेच दिसत नाही. मला तोच विचार महत्त्वाचा वाटतो, आणि त्यातून माझं मत दोन्ही तटांपेक्षा वेगळं झालं आहे. गिअरची गाडी प्रत्येकाने शिकावी, पण सुरुवात तिच्यावर करू नये. आधी ऑटोमॅटिकवर रस्ता शिकावा, तो अंगवळणी पडला की मग गिअरकडे वळावं. परवान्याचे नियमही या क्रमाला सोयीचे असावेत. शिकावं की नाही यावर आपण इतकी वर्षं भांडतोय, आणि कधी शिकावं हे कोणी विचारतच नाही.

गिअरच्या गाडीत अवघड नेमकं काय असतं? बहुतेक जण म्हणतील, गिअर बदलणं. खरं तर चालत्या गाडीत दुसऱ्यातून तिसऱ्यात जायला कोणीही दोन-चार दिवसांत शिकतं. अवघड असतं ते उभी गाडी हलवणं. पेट्रोलचं इंजिन शून्यापासून जोर देऊ शकत नाही. मिनिटाला साधारण ८०० फेऱ्यांच्या बरंच खाली गेलं की ते गचके खातं आणि बंद पडतं. आता पहिल्या गिअरमध्ये इंजिनाच्या १४ फेऱ्यांमागे चाकाची एक फेरी होते असं धरू. गाडीगणिक हा आकडा थोडा बदलतो. इंजिन ८०० फेऱ्यांवर असेल तर चाक मिनिटाला ५७ वेळा फिरेल. टायरचा घेर १.९ मीटर धरला तर वेग येतो ताशी साडेसहा किलोमीटर, म्हणजे घाईत चालणाऱ्या माणसाइतका. गाडी उभी आहे, तिचा वेग शून्य. आणि इंजिनाला मात्र साडेसहाच्या खाली गाडीला थेट जोडून घेणं परवडत नाही. शून्य ते साडेसहा हा मधला टप्पा क्लचप्लेट, म्हणजे इंजिनाला चाकांशी जोडणारी आणि तोडणारी चकती, घासत घासत भरून काढायचा असतो. हाफ क्लच म्हणतात तो हाच. पेडल वर येता येता एका जागी इंजिनाचा आवाज जड होतो, बॉनेट किंचित उचलल्यासारखं होतं, सीटमध्ये बारीक थरथर येते. ही जागा पेडलच्या प्रवासात सेंटीमीटर-दोन सेंटीमीटरची. डाव्या पायाने ती न बघता शोधायची, तिथे पाय धरून ठेवायचा, उजव्या पायाने बेताची रेस द्यायची आणि चढ असेल तर त्याच क्षणी हँडब्रेक सोडायचा.

आणि हा शून्य ते साडेसहाचा टप्पा रस्त्यावर कुठे कुठे येतो? सिग्नल हिरवा होतो तेव्हा. चौकात वळण्यासाठी थांबून पुन्हा निघताना. गर्दीत इंचाइंचाने सरकताना. गाडी लावताना, चढावर मागे दुसरी गाडी खेटून उभी असताना. म्हणजे पायी चालणारे, सायकलवाले, रस्ता ओलांडणारी मुलं जिथे गाडीच्या सर्वांत जवळ असतात, नेमक्या तिथे. डोळे आणि डोकं पूर्ण बाहेर असायला हवं त्याच जागी क्लच नवशिक्याला आत ओढून घेतो. गिअरवर सुरुवात करू नये, या माझ्या म्हणण्याचं मूळ कारण हेच आहे.

मी स्वतः गिअरच्या गाडीवरच शिकले. सहाव्या की सातव्या दिवशी एका डाव्या वळणावर मी दुसरा गिअर टाकत होते. तो नीट पडला नाही म्हणून नजर खाली दांड्याकडे गेली. एवढ्यात गाडी कचकन थांबली. शेजारी बसलेल्या शिकवणाऱ्यांनी त्यांच्या पायाखालचा ब्रेक दाबला होता. मान वर केली तर डाव्या आरशाच्या हातभर पुढे एक सायकलवाला एक पाय टेकून उभा होता. तो कधी आला, किती वेळ माझ्या बाजूने चालला होता, मला काहीच सांगता आलं नसतं. नंतर मला बोलणी बसली ती गिअर चुकीचा टाकल्याबद्दल! सायकलवाला दिसलाच नाही याबद्दल कोणी काही बोललं नाही. त्या महिन्याभरात मी क्लच शिकले, रस्ता मात्र परवाना मिळाल्यावर, एकटी, बाजूला कोणाचाही ब्रेक नसताना शिकले. माझ्या ओळखीतल्या बहुतेकांची हकिकत थोड्याफार फरकाने अशीच आहे. शिकवणाऱ्याच्या शेजारचे मोलाचे तास गाडी बंद पडू नये यात जातात, आणि समोरच्या गाडीपासून किती अंतर ठेवायचं, लेन बदलताना आरशात कधी बघायचं, उभ्या बसच्या पुढून कोण अचानक येऊ शकतं, या गोष्टी नशिबावर सोडल्या जातात.

यावर पहिला आक्षेप जुनाच आहे आणि तो वजनदार आहे. अवघड आधी शिकलं की सोपं आपोआप येतं. गिअरवर शिकलेला ऑटोमॅटिक पंधरा मिनिटांत चालवतो, उलटं होत नाही. हे खरंच आहे. पण त्यातून एवढंच कळतं की गिअर येणं हे जास्तीचं कौशल्य आहे. ते आधी शिकावं, हे त्यातून कुठे सिद्ध होतं? मुलाला लिहायला शिकवताना आपण ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’पासून सुरुवात करत नाही. ज्याला जोडाक्षरं येतात त्याला साधी अक्षरं येतातच, हे कितीही खरं असलं तरी पाटीवर पहिल्या दिवशी ‘ग’ आणि ‘म’च येतात. माणसाचं लक्ष एका वेळी थोड्याच नव्या गोष्टी पेलतं. एखादी गोष्ट हातापायांत मुरली की ती लक्षातली जागा मोकळी करते, आणि त्या जागेत पुढची गोष्ट बसते. मग आधी काय मुरावं? चुकलं तर माणूस दगावेल अशी गोष्ट, की चुकलं तर इंजिन बंद पडेल अशी गोष्ट?

या आक्षेपाला विमानाचा दाखला जोडून देतात: वैमानिक आधी छोट्या विमानावर हाताने उडवायला शिकतो, ऑटोपायलट नंतर. दाखला बरोबर आहे, पण ते छोटं विमान जरा जवळून बघायला हवं. शिकाऊ विमानात बहुधा एकच इंजिन असतं, चाकं पोटात जाणारी नसतात, आणि पंख्याच्या पात्यांचा कोन कायमचा ठरलेला असतो. पात्यांचा कोन बदलता येणारा पंखा म्हणजे विमानाचा गिअरच म्हणायचा: चढताना वेगळा, सरळ उडताना वेगळा. असा पंखा, आत घेता येणारी चाकं आणि फ्लॅप (पंखांच्या मागच्या कडेच्या खाली झुकणाऱ्या पट्ट्या) हे तिन्ही असलेलं विमान चालवायला अमेरिकेत वैमानिकाला वेगळं प्रशिक्षण घेऊन आपल्या नोंदवहीत प्रशिक्षकाची स्वतंत्र शिफारस मिळवावी लागते, आणि सर्वसाधारणपणे हे साधं विमान हाती बसल्यावरच केलं जातं. म्हणजे आकाशात आधी उडणं, वारा, अंतर, उंची. यंत्राची जास्तीची दांडी नंतर. मी रस्त्यासाठी दुसरं काय मागते आहे?

‘खरा ड्रायव्हर’ हा शब्द मात्र मला मान्यच नाही, कारण त्याची व्याख्या दर पिढीला बदलत आली आहे. १९०८ साली आलेल्या फोर्डच्या मॉडेल टीला तीन पेडलं होती, पण उजव्या टोकाचं पेडल ब्रेकचं, मधलं गाडी मागे घेण्याचं, आणि डावं गिअर बदलण्याचं. रेस द्यायची ती स्टिअरिंगखालच्या दांडीने. इंजिनात ठिणगी कधी पडावी हेसुद्धा चालवणाऱ्याने दुसऱ्या दांडीने ठरवायचं. त्या गाडीत मुरलेला माणूस आजच्या गिअरच्या गाडीत बसवला तर घाईच्या क्षणी ब्रेक समजून तो ॲक्सिलरेटरच दाबेल. मग त्या काळात ज्यांनी ती दीड कोटी वाहनं चालवली ते ड्रायव्हर खोटे होते, की आज आपण आहोत? हँडल मारून इंजिन सुरू करणं हे एके काळी गाडी येण्याचं पहिलं लक्षण होतं. हँडल उलटून मनगट मोडायचं ते वेगळंच. १९१२ च्या कॅडिलॅक या अमेरिकी गाडीत विजेवर चालणारा स्टार्टर आला आणि ती कला गेली. गिअर कराकरा न वाजवता टाकायचा तर क्लच दोनदा दाबून मध्ये नेमकी रेस द्यावी लागायची. १९२८ मध्ये कॅडिलॅकनेच गिअरची चाकं आपोआप एका वेगावर आणणारं सिंक्रोमेश आणलं, आणि हळूहळू तीही कला ट्रकवाल्यांपुरती उरली. आज क्लचच्या नावाने छाती काढणाऱ्यांपैकी किती जणांना सिंक्रोमेश नसलेली गाडी चालवता येईल? आणि सर्वांत वेगात चालवणाऱ्यांचंच उदाहरण हवं असेल तर १९८९ बघा. फेरारीने फॉर्म्युला वनमध्ये स्टिअरिंगमागच्या पट्ट्यांनी गिअर बदलणारी गाडी उतरवली आणि नायजेल मॅन्सेलने ब्राझीलमधल्या तिच्या पहिल्याच शर्यतीत ती जिंकवली. गिअर बदलताना त्याला क्लचचं पेडल दाबावं लागत नव्हतं. काही वर्षांत सगळे संघ त्याच वाटेने गेले. त्यातलं एक कारण पुन्हा तेच: हात स्टिअरिंगवर राहावेत, डोळे रस्त्यावर राहावेत.

दुसरा आक्षेप मला जास्त छळतो. ऑटोमॅटिकमध्ये दोनच पेडलं असतात, आणि ब्रेक समजून ॲक्सिलरेटर दाबला गेला की गाडी थेट उसळते. गिअरच्या गाडीत घाबरलेला माणूस सहसा डावा पायही दाबतो; क्लच दाबला की इंजिन चाकांपासून तुटतं, आणि गाडी नुसतीच गुरगुरत राहते. उभ्या गाडीत क्लच चुकून सुटला तर ती एक गचका देऊन बंद पडते. ही चूक पुष्कळदा निरुपद्रवी ठरते. ऑटोमॅटिकमधल्या आपोआप उसळलेल्या गाड्यांच्या तक्रारी तपासून अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा संस्थेने १९८९ मध्ये जो अहवाल दिला, त्यातही चुकीचं पेडल दाबलं जाणं हेच मुख्य कारण निघालं. ब्रेक दाबल्याशिवाय दांडा ‘पार्क’मधून, म्हणजे गाडी उभी ठेवायच्या खाचेतून, हलूच नये ही व्यवस्था अशा घटनांनंतरच सर्वत्र रुळली. मी हा मुद्दा खोडून काढत नाही, तो खोडता येण्यासारखा नाही. माझं म्हणणं इतकंच की त्याचा उपाय शिकवण्यात आहे, आणि तो आज शिकवला जात नाही. उजव्या पायाची टाच ब्रेकच्या रेषेत टेकवून ठेवायची आणि ॲक्सिलरेटरला फक्त पंजा वळवायचा. डावा पाय शेजारच्या पट्टीवर टेकवून विसरून जायचा. गाडी सरकू लागली की रेस द्यायच्या आधी ब्रेकवरच तिला चालवायची सवय करायची. पहिले दोन तास नुसतं एवढंच करवून घ्या. ऑटोमॅटिक सोपी आहे म्हणून तिच्यावर शिकवायचं काही नाही, असं समजणाऱ्या शिकवणाऱ्यांनी या आक्षेपाला बळ दिलं आहे.

आता दुसऱ्या तटाकडे. विजेची मोटर शून्य फेऱ्यांपासूनच पूर्ण जोर देते. तिला बंद पडणं माहीतच नाही, त्यामुळे बहुतेक विजेच्या गाड्यांना एकच ठरावीक गिअर पुरतो आणि क्लच लागत नाही. तेलाच्या गाड्यांतही पूर्वीसारखं गिअर म्हणजे कमी इंधन हे समीकरण राहिलेलं नाही. डावा पाय किंवा डावा हात साथ देत नाही अशा कितीतरी लोकांसाठी तर ऑटोमॅटिक हाच घराबाहेर पडण्याचा रस्ता आहे. त्यांच्यावर क्लचची सक्ती करणं क्रूरपणा होईल. हे सगळं मान्य करूनही, ‘मग गिअर शिकूच नका’ हा निष्कर्ष मला उतावळा वाटतो. गाडी विकत घेतली की ती पंधरा-वीस वर्षं रस्त्यावर असते. आज कारखान्यातून निघणारी गिअरची गाडी आजच्या नवशिक्याची मुलं मोठी होईपर्यंत कुठल्या ना कुठल्या घरासमोर उभी असणार आहे. आणि गाडी नेहमी आपलीच चालवावी लागते असं नाही. शेजाऱ्याला रात्री छातीत दुखायला लागलं आणि दारात उभी असलेली एकमेव गाडी गिअरची असेल, तर भविष्य विजेचं आहे या ज्ञानाचा काय उपयोग?

याहून खोल कारण उतारावर कळतं. १,२०० किलोची गाडी ३०० मीटर उंचीवरून खाली येते तेव्हा सुमारे ३५ लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. साधारण ११ लिटर थंड पाणी उकळीला येईल एवढी ती उष्णता. त्यातली थोडी वाऱ्यात आणि टायरांत जाते. उरलेली सगळी पाय ब्रेकवर ठेवून जिरवायला गेलात तर ब्रेक तापतात, पेडल ढिलं लागतं आणि गाडी थांबेनाशी होते. म्हणून खालचा गिअर टाकायचा आणि इंजिनालाच गाडी आवरायला लावायची. ऑटोमॅटिकमध्येही यासाठी ‘एल’ (खालचा गिअर) किंवा हाताने गिअर बदलायची सोय असते. पण घाट उतरताना ‘डी’वरून, म्हणजे नेहमीच्या चालीवरून, दांडा न हलवणारे लोक मी कितीतरी पाहिले आहेत, कारण ते ‘एल’ कशासाठी आहे हे त्यांच्या अंगाला कधी कळलेलंच नाही. ज्याने एकदा स्वतः तिसऱ्यातून दुसऱ्यात गाडी आणून इंजिनाची ती ओढ पाठीत अनुभवली आहे, त्याला ते सांगावं लागत नाही.

यंत्र काम करतंय म्हणून माणसाने हात विसरू द्यावेत का, हा प्रश्न इतरांनीही सोडवून पाहिला आहे. अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने २०१३ च्या जानेवारीत विमान कंपन्यांना कळवलं की वैमानिकांना योग्य तिथे हाताने विमान उडवायला उत्तेजन द्या, कारण सतत ऑटोपायलटवर राहून ते कौशल्य झिजतं. अमेरिकी नौदलाच्या अकादमीने ताऱ्यांवरून दिशा काढण्याचं शिक्षण बंद केलं होतं. उपग्रहांवर सगळा भार टाकणं धोक्याचं वाटू लागलं तेव्हा २०१५ मध्ये ते पुन्हा सुरू केलं. ताऱ्यांवरून जहाज हाकायला लावा असं त्यांनी म्हटलं नाही. पहिल्या दिवसापासून नको, पण कधीच नाही असंही नको, हा जो मधला मार्ग त्यांनी धरला तोच गिअरला लागू होतो.

आता राहतो व्यवहाराचा प्रश्न, आणि इथे माझ्या मताला सर्वांत मोठा धोका आहे. एकदा ऑटोमॅटिकवर परवाना मिळाला की गिअरकडे परत कोण फिरकणार? बरेच जण फिरकणार नाहीत, हे मी कबूल करते. पण ते का फिरकत नाहीत हेही बघायला हवं. ब्रिटनमध्ये ऑटोमॅटिकवर परीक्षा दिलेल्याला गिअरची गाडी चालवायची तर रस्त्यावरची परीक्षा पुन्हा अख्खी द्यावी लागते. ज्याला रस्ता येतो हे सरकारने एकदा लिहून दिलंय, त्याची रस्त्याची परीक्षा दुसऱ्यांदा कशासाठी? नव्या गोष्टीची परीक्षा घ्या, जुन्या गोष्टीची नको. जर्मनीने २०२१ च्या एप्रिलपासून हे शहाणपण दाखवलं. तिथे मुख्य परीक्षा ऑटोमॅटिकवर देता येते. ४५ मिनिटांचे किमान १० तास गिअरच्या गाडीवर घेतले आणि ड्रायव्हिंग स्कूलमध्येच १५ मिनिटांची चाचणी उतरली की दोन्हींचा परवाना मिळतो. जपानने १९९१ मध्ये केवळ ऑटोमॅटिकचा वेगळा परवाना सुरू केला होता. २०२५ च्या एप्रिलपासून तिथे गिअरचा परवाना हवा असणाऱ्यांचंही मूळ शिक्षण ऑटोमॅटिकवर ठेवून त्यावर गिअरचे थोडे तास जोडायला सुरुवात झाली आहे. दारातली ही दुसरी पायरी बुटकी ठेवली तर लोक चढतील. ती छातीएवढी उंच केली तर खालीच थांबतील, आणि मग आपण म्हणू, बघा, कोणाला शिकायचंच नाही.

माझी भाची याच क्रमाने शिकली. सहा महिने ऑटोमॅटिक चालवल्यावर तिला मी माझ्या जुन्या गिअरच्या गाडीत बसवलं, एका मोकळ्या सपाट मैदानावर. पहिला तास तिने ॲक्सिलरेटरला पाय लावायचा नाही असं ठरलं होतं. पहिला गिअर, आणि नुसता क्लच. दोनदा गाडी बंद पडली. तिसऱ्यांदा तिने विचारलं, “मावशी, आता सोडू का?” मी म्हटलं, “सोडायचा नाही गं, पाय वर येऊ द्यायचा. आवाज ऐक.” तिने ऐकलं. आवाज जड झाला, तिचा पाय तिथेच थबकला आणि गाडी चालत्या माणसाच्या वेगाने सरकू लागली. तेवढ्यात मैदानाच्या कडेने एक आजोबा काठी टेकत आडवे निघाले होते. माझं तोंड उघडायच्या आत तिचा क्लच आणि ब्रेक दोन्ही दाबले गेले होते, गाडी उभी होती, इंजिन चालू होतं, आणि आजोबा पलीकडे पोचेपर्यंत तिची नजर त्यांच्यावरून हलली नाही.